पिवळा झेंडा आणि पिवळे पुस्तक

उन्हाळी सुट्टीचे बेत आपल्या उपनगरांतील घरांमध्ये होळीपूर्वीच शिजू लागतात. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत आणि अंधेरी-बोरिवलीच्या पेढ्यांवर अलीकडे दक्षिण आफ्रिकेचे नाव पुष्कळदा कानी येते. कोणाला क्रुगरच्या अरण्यातील हत्ती-सिंह पाहायचे असतात, कोणाला केप टाउनचा टेबल माउंटन. कोणी हिऱ्यांच्या व्यवहारासाठी जोहान्सबर्गला निघतो आणि चार दिवस जोडून कुटुंबाला सोबत नेतो. काहींना पीटरमॅरित्सबर्गचा तो रेल्वे फलाट पाहायचा असतो, जिथे १८९३ च्या जूनमध्ये एका तरुण बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले होते.

सहलीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. येथे विचार करायचा आहे तो त्या देशाच्या उंबरठ्याचा. परक्या घरी जाताना यजमान काय विचारील, परतताना आपलेच घर काय विचारील, आणि त्या दोन्ही प्रश्नांना आपल्या आचारधर्मात राहून खरे उत्तर कसे देता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

मुंबईच्या माणसाला दक्षिण आफ्रिकेच्या दारात आरोग्याच्या कारणास्तव थांबवले गेल्याची एक जुनी हकिगत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची आणि आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांच्या पेढ्यांची वस्ती. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे मुंबईहून डर्बनकडे निघाली. दोहोंवर मिळून सुमारे आठशे प्रवासी होते. ‘कूरलँड’वर गांधीजी, कस्तुरबा, हरिलाल व मणिलाल ही दोन मुले आणि भाचा गोकुळदास होते. १८ डिसेंबरला जहाज डर्बनला पोहोचले. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत जहाजावर पिवळा झेंडा फडकत ठेवण्याचा रिवाज होता. प्लेगचा जंतू तेवीस दिवस टिकतो असे सांगून मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पुरे होईपर्यंत कोणी उतरू नये असा हुकूम झाला. जहाजांवर प्लेगचा एकही रोगी नव्हता. तेवीस दिवस भरले, तरी मुदत वाढत गेली. कारण तोवर शहरात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सभा सुरू झाल्या होत्या. प्रवाशांनी पाय ठेवला तो १३ जानेवारी १८९७ रोजी. त्या दिवशी गांधीजींवर जमावाने हल्ला केला, पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नीने आपली छत्री उघडून त्यांना आडोसा दिला आणि पारशी रुस्तमजींच्या घरी त्यांनी आसरा घेतला. पुढे त्याच वर्षी नाताळ वसाहतीने असा कायदा केला की येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. रोगाच्या भीतीने बंद झालेले दार वर्णाच्या भीतीने बंदच राहिले.

आणि याच आठवड्यात इकडे मुंबईत, १० जानेवारी १८९७ रोजी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. एका बंदरात माणसे अडवली जात होती, दुसऱ्या बंदरात रोग अडवण्याचा मार्ग शोधला जात होता.

या हकिगतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. आरोग्याच्या नियमाआड कधी कधी पूर्वग्रह लपतो, हे खरे. परंतु म्हणून नियमच खोटा ठरत नाही. प्लेग खरा होता. मुंबईने त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजली. आज तो पिवळा झेंडा उतरला आहे आणि त्याच्या जागी एक पिवळे पुस्तक आले आहे. पीतज्वराच्या लशीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ज्यात असते ते हे पुस्तक. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जैन कुटुंबाची खरी कसोटी या पुस्तकापाशीच लागते.

प्रथम नियम समजून घेऊ. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला दक्षिण आफ्रिकेसाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. मुक्काम संपल्यानंतर किमान तीस दिवस पासपोर्टची मुदत उरलेली असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. मुले सोबत असतील तर आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचे शपथेवरील संमतिपत्रही घ्यावे. मुलांबाबतचे हे नियम २०१५ मध्ये फार कडक झाले होते, नंतर सैल झाले. पण कागद जवळ असल्याने कोणाचे नुकसान झालेले नाही.

आता पीतज्वर. हा रोग भारतात नाही. म्हणून मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे थेट दक्षिण आफ्रिकेत उतरणाऱ्याला तेथे या लशीचा दाखला मागत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतही हा रोग नाही. त्यामुळे त्याच मार्गाने परतणाऱ्याला मुंबईतही अडचण येत नाही. गुंता होतो तो वाटेतल्या मुक्कामाने. केनिया आणि इथिओपिया हे देश पीतज्वराच्या यादीत आहेत. नैरोबीत अगर आदिस अबाबात विमान बदलताना बारा तासांहून अधिक वेळ गेला, तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते.

आपल्या समाजात हा प्रश्न पुस्तकी नाही. हालारी ओसवालांची कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या केनियात आहेत. ‘जाताजाता दोन दिवस नैरोबीला मामांकडे उतरू, देरासरात पूजा करू, मग पुढे जाऊ’ असा बेत सहज ठरतो आणि त्या दोन दिवसांनी साऱ्या प्रवासाचा कायदा बदलतो. परतीच्या वाटेवर हाच मुक्काम केला तर भारताचा नियम लागू होतो: पीतज्वराच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. केवळ विमान बदलून विमानतळाच्या आतच राहिलेल्यांना आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळू शकते, पण ती संमती गृहीत धरून तिकीट काढणे शहाणपणाचे नाही. दक्षिण आफ्रिकेला जोडून झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया किंवा मोझांबिक पाहणाऱ्यांना ही अडचण नाही. अंगोलाला जायचे तर लस सर्वांनाच आवश्यक आहे; २०१६ साली लुआंडात या रोगाची मोठी साथ आली होती.

भारत इतका कडक का, याचे उत्तर आपल्या गॅलरीतील कुंडीखालच्या ताटलीत आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास हाच डेंग्यूचाही वाहक आहे, आणि पावसाळ्यात तो आपल्या प्रत्येक गल्लीत असतो. डास आहे, माणसांची दाटी आहे, फक्त विषाणू अद्याप आलेला नाही. तो एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून सहारच्या विमानतळावर उतरला, तर पुढचे काम आपल्या गल्लीतील डास करतील. म्हणजे या पुस्तकाने राखण होते ती प्रवाशाची आणि त्याच्या शेजाऱ्याचीही. पेढीवरच्या हमालाची, उपाश्रयात विराजमान असलेल्या साधू-साध्वींची, खालच्या मजल्यावरील तान्ह्या बाळाची.

मग लस घेऊन टाकावी, एवढेच ना? येथेच आपल्यापुढे खरा पेच उभा राहतो. पीतज्वराची ही लस, जिला सतरा-डी म्हणतात, मॅक्स थायलर यांच्या संशोधनातून १९३७ च्या सुमारास सिद्ध झाली. थायलर यांचा जन्म १८९९ साली प्रिटोरियाचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचाच. या कामासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यातील जिवंत भ्रूणात वाढवली जाते. ज्या घरात अंड्याचा अंश असलेली बिस्किटे येत नाहीत, त्या घराने हे जाणून घेतलेच पाहिजे. न सांगता टोचून घेण्यापेक्षा जाणून निर्णय घेणे, हा आपला आचार आहे.

वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल, उदाहरणार्थ अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, तर तसे सूट-पत्र देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. नऊ महिन्यांखालील बाळांना ही लस देत नाहीत. साठीपुढील व्यक्ती व गर्भवती स्त्रिया यांच्याबाबत डॉक्टर स्वतंत्र विचार करतात. धार्मिक कारणासाठी मात्र सूट नाही.

यातून दोन सरळ वाटा निघतात. पहिली, वाटच अशी निवडावी की प्रश्न उद्भवणार नाही. आखाती देशांच्या मार्गाने जावे, पीतज्वराच्या देशात मुक्काम करू नये, नैरोबीच्या मामांना मुंबईत बोलवावे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा आधीच बांधून घेणारे ते व्रत. प्रवासाचा मार्ग आखताना त्याची आठवण ठेवली, तर तिकिटाची खिडकी हीसुद्धा साधनेची जागा होते. दुसरी वाट, व्यवसायामुळे जाणे अटळ असेल तर सर्व जाणून, गुरुमहाराजांना विचारून लस घ्यावी. संकल्पी हिंसा आणि गृहस्थाला टाळता न येणारी आरंभी, उद्योगी हिंसा यांत आपल्या शास्त्राने भेद केला आहे. लस कोणत्या बाजूला पडते, हे ज्याने त्याने आपल्या गुरूंपाशी समजून घ्यावे. लेखकाने ते ठरवू नये.

या संदर्भात एका पत्रव्यवहाराचे स्मरण होते. १८९४ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईतील जवाहिऱ्याला, श्रीमद् राजचंद्रांना, सत्तावीस प्रश्न विचारले. त्यांतील शेवटचा प्रश्न असा होता की साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे. देह वाचवणे आणि जीव न मारणे यांतील हा तोच पेच. ज्याला उत्तर ठाऊक नव्हते त्याने समुद्रापलीकडून विचारले आणि ज्याला विचारले त्याने आदर्श सौम्य न करता, पण प्रश्नकर्त्याच्या मनोबलाचा विचार करून उत्तर दिले. शंका असेल तर विचारावे. एवढी गोष्ट तरी आपल्याला त्यातून घेता येते.

तिसरी वाट वाकडी आहे आणि तिचा उल्लेख टाळता येत नाही. लस न घेताच शिक्का मारलेले पिवळे पुस्तक मिळवून देण्याची कुजबुज अधूनमधून ऐकू येते. ‘अंडेही टळले, कागदही मिळाला’ असे समाधान त्यात मानले जाते. अहिंसेच्या नावाने असत्य पदरी घेण्याचा हा सौदा आहे, आणि हिशेब मांडला तर त्यात अहिंसाही उरत नाही. कारण तो कागद ज्यांचे रक्षण करण्यासाठी होता ती सारी माणसे उघड्यावर पडतात. कायद्याने तो गुन्हा आहे, हे वेगळेच. व्यापारी घराला खोट्या पावतीची किंमत निराळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

लस घ्यायची ठरलीच, तर ती शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते. उपनगरांतील लोकांना अंधेरी पूर्वेस सहार येथील विमानतळ आरोग्य कार्यालय जवळचे. आगाऊ नोंदणी करावी, पासपोर्ट सोबत न्यावा. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरीही.

पीतज्वर नसला तरी मलेरिया दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत आहे. क्रुगर उद्यान व त्याच्या भोवतीचा लिम्पोपो-म्पुमलांगाचा सखल प्रदेश आणि क्वाझुलू-नाताळचा उत्तर भाग येथे साधारण सप्टेंबर ते मे या काळात जपावे लागते. केप टाउन, जोहान्सबर्ग, डर्बन ही शहरे त्यातून मुक्त आहेत. लहान मुले सोबत असतील आणि वन्यप्राणी पाहायचेच असतील, तर पिलान्सबर्ग, मदिक्वे किंवा ॲडो ही मलेरियामुक्त अभयारण्ये निवडता येतात. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. बहुतेक कॅप्सूलांचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते, तेव्हा गोळीच्या रूपातील औषध मागून घ्यावे. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे मलम हे उपाय आपल्याला सर्वांत मानवणारे; त्यांत डासालाही इजा नाही आणि आपल्यालाही. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर ‘पावसाळी ताप असेल’ म्हणून घरी बसू नये. तेथला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा असतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात प्रवासाचे सांगावे.

आता ताटाचा विचार. ऋतू उलटे आहेत. आपली मे-जूनची सुट्टी म्हणजे तेथला हिवाळा. जूनमध्ये जोहान्सबर्गला सायंकाळी साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सहलीच्या चालकाला हे आधीच सांगावे, नाहीतर अरण्यातील सायंफेरी आणि भोजन यांची गाठ पडत नाही. डिसेंबरात केप टाउनचा सूर्य रात्री आठपर्यंत रेंगाळतो, तेव्हा ही अडचण नसते. मक्याच्या पिठाची घट्ट उकड हा तेथला घरोघरचा पदार्थ; त्याचे नाव ‘पाप’, पण तो खाल्ल्याने पाप लागत नाही. सोबतच्या रश्श्यात मात्र कांदा असतो. डर्बनचा ‘बनी चाव’ हा पाव पोखरून त्यात उसळ भरलेला पदार्थ. एका प्रचलित समजुतीनुसार त्याचे नाव ‘बनिया’वरून आले. नाव आपले असले तरी कांदा-बटाट्यामुळे ताट आपले नव्हे. खाकरे, सुकी चटणी, मुखवास ही शिदोरी सोबत असतेच. पण बिया, कच्चे धान्य, ताजी फळे, मध आणि दुधाचे पदार्थ यांवर त्या देशात निर्बंध आहेत. जे नेतो ते विमानतळावर खरे सांगावे.

सुरक्षिततेबाबत भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. मोठ्या शहरांत लुटालूट होते, ही वस्तुस्थिती आहे. अंगावरचे सोने घरीच ठेवावे. नेणे अटळ असेल तर निघताना मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे खरेदी केलेले ठरत नाही. अंधारात पायी फिरू नये, मोटारीच्या काचा वर ठेवाव्यात, सीटवर पिशवी ठेवू नये. पोलिसांसाठी १०१११, रुग्णवाहिकेसाठी १०१७७, आणि मोबाईलवरून ११२ हे क्रमांक लिहून ठेवावेत. खासगी रुग्णालये उत्तम पण महाग आहेत. प्रवासविमा घेतल्यावाचून निघू नये.

एक सूचना खास आपल्या घरांसाठी. किंबर्लीचा हिऱ्याचा प्रचंड खड्डा पाहायला जाल, कलिनन गावी जाल, जिथे १९०५ साली ३,१०६ कॅरटचा हिरा निघाला. तेथे कोणी हळूच खिशातून कच्चा हिरा काढून दाखवला, तर हातही लावू नये. परवान्याविना कच्चा हिरा बाळगणे हा त्या देशात गंभीर गुन्हा आहे, आणि किंबर्ली प्रक्रियेच्या प्रमाणपत्राविना तो सीमेपार नेता येत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात पारख असलेला माणूस तेथे केवळ पर्यटक असतो.

जहाजांवर अडकलेल्या त्या सुमारे आठशे प्रवाशांना आपला निरोगीपणा सिद्ध करण्याचे साधन नव्हते. आपल्याला ते आहे. वाट निवडता येते, लस घेता येते, न घेण्याचा निर्णयही घेता येतो आणि त्याप्रमाणे जाणे आटोपते घेता येते. जैन परिभाषेत याला जयणा म्हणतात: पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहणे. तिकीट काढण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून मार्ग, मुक्काम आणि लस या तीन गोष्टी ठरवाव्यात, वकिलातीचे व आरोग्य खात्याचे त्या महिन्यातील नियम पडताळून घ्यावेत, आणि जे ठरेल ते दोन्ही देशांच्या दारात जसेच्या तसे सांगावे.